पहिली टीटी मारताय? मग पहिले तीन किलोमीटर हात आखडून चालवा

सायकलवर ग्रुप राईड करणाऱ्या लोकांना मी नेहमी सांगतो की आयुष्यातली पहिली रेस लावायची असेल तर टाइम ट्रायल म्हणजे टीटी लावा, सगळे एकदम सुटतात ती मास स्टार्ट नको. मास स्टार्टमध्ये चाळीस जण हँडलला हँडल लावून वळणावर घुसतात, समोरचा अचानक ब्रेक मारतो, ते सगळं सांभाळायला सराव लागतो. टीटीमध्ये रस्त्यावर तुम्ही एकटे असता. दर ३० सेकंदांनी किंवा दर मिनिटाला एकेक जण सुटतो, ठरलेलं अंतर कापतो, ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला तो जिंकला. कुणाच्या मागे लपायचं नाही आणि कुणाला ओढत न्यायचं नाही. पुण्यात २०२६ च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर झाली तिची सुरुवातपण प्रोलॉगने, म्हणजे छोट्या टीटीनेच झाली होती, त्यामुळे हा प्रकार आता बऱ्याच जणांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलाय.

मी इथे आपल्याकडे नवख्यांसाठी जी साधारण टीटी असते तीच धरून लिहितोय, म्हणजे सपाट किंवा हलका चढउतार असलेला रस्ता, १० किलोमीटर जायचं, कोनला यू टर्न मारायचा आणि १० किलोमीटर परत. रोड बाईकऐवजी हायब्रिड किंवा एमटीबी (माउंटन बाईक) असेल तर बऱ्याच ठिकाणी वेगळी कॅटेगरी असते, फॉर्म भरताना नीट बघा.

आता मुद्द्याचं. पहिली टीटी बहुतेक जण पहिल्या तीन-चार मिनिटांतच घालवतात. सुटताना पाय ताजे असतात, बाजूला लोक ओरडत असतात, आदल्या दोन दिवसांत आराम झालेला असतो, त्यामुळे ३८ चा स्पीड दिसतो आणि काहीच जोर लागत नाहीये असं वाटतं. शरीराला त्या मेहनतीची खरी किंमत कळायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि कळते तेव्हा श्वास गेलेला असतो, मांड्या पेटलेल्या असतात आणि अजून १७ किलोमीटर बाकी असतात. एकदा असं झालं की थोडं हळू होऊन ते भरून निघत नाही, खूप हळू व्हावं लागतं. बाकीची सगळी तयारी या एका गोष्टीच्या आसपास फिरते, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आधीचे सहा आठवडे

तुम्ही कुठल्या प्रकारचं सायकलिंग करता त्यावर तयारी ठरते. सिंहगड, बोपदेव, कात्रज असे पुण्याजवळचे घाट करणाऱ्या लोकांचे पाय तगडे असतात, पण सपाट रस्त्यावर ते गोंधळतात. घाटात चढच तुमच्याकडून जोर काढून घेतो, पॅडल सोडलं की सायकल थांबते. सपाटीवर तसं होत नाही, जरा लक्ष उडालं की पाय नुसते फिरत राहतात, स्पीड दोनने कमी होतो आणि पत्तापण लागत नाही. तिथे स्वतःहून दाब टिकवावा लागतो. बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड करणाऱ्यांचा प्रश्न उलटा, २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत संपवायची सवय असलेल्या माणसाला दिवसभर बसून राहता येतं, पण ३५-४० मिनिटं श्वास फुललेल्या अवस्थेत राहायची सवय नसते.

दोघांनाही औषध एकच. आठवड्यातून एक दिवस, जमलं तर दोन, सपाट आणि कमी सिग्नलचा रस्ता शोधून लांब इंटर्व्हल करा, म्हणजे जोर लावायचे तुकडे आणि मध्ये आराम. सुरुवातीला १० मिनिटांचे तीन, मध्ये ५ मिनिटं हलकं. मग १५ चे दोन, मग २० चे दोन. जोर किती लावायचा? तिसरा इंटर्व्हल पहिल्याइतकाच निघाला पाहिजे इतका. तिसरा ढेपाळला तर पहिला जास्त झाला, पुढच्या आठवड्यात कमी करा. हाच सराव पेसिंग, म्हणजे जोर शेवटपर्यंत पुरवून वापरणं शिकवतो, पाय मजबूत होतात तो वरचा फायदा. बाकीचे दिवस आरामात चालवा, म्हणजे खरंच आरामात, गप्पा मारत. रोज अर्धवट जोर लावणाऱ्याला ना पूर्ण विश्रांती मिळते ना पूर्ण कसरत.

साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदा २० मिनिटांची टेस्ट करा. पॉवर मीटर (पॅडलवरचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर त्या २० मिनिटांच्या ॲव्हरेजचे ९५ टक्के म्हणजे तुमचा अंदाजे एफटीपी, साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद, आणि २० किलोमीटरची टीटी ३० ते ४० मिनिटांत संपणार असेल तर एफटीपीच्या आसपासच चालवायची असते. पॉवर मीटर नसेल तर हार्ट रेटवर चालेल, तेही नसेल तर श्वासावर. श्वासाचं माप साधं आहे, रेसच्या मधल्या भागात तुम्हाला दोन-तीन शब्द बोलता आले पाहिजेत, अख्खं वाक्य बोलता येत असेल तर अजून जागा आहे आणि एकही शब्द निघत नसेल तर तुम्ही पुढचं उधार घेताय.

चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगरची गोळी चालू असेल किंवा घरात कुणाला हार्टचा त्रास असेल तर फॉर्म भरायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन या. ही पूर्ण ताकदीची मेहनत आहे, रविवारच्या मिसळ राईडशी तिची तुलना नको.

सायकल: नवीन काही घेऊ नका, वाकायला शिका

लोक लगेच विचारतात की टीटी बाईक लागते का, कार्बन व्हील्स लागतात का. नाही लागत. सपाटीवर ताशी ३० किलोमीटरच्या वर गेलात की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्या हवेला अडवणारा सगळ्यात मोठा भाग म्हणजे तुमचं स्वतःचं शरीर, सायकल नव्हे. हवेसाठी लागणारी ताकद स्पीडच्या घनाने वाढते, म्हणजे ३० वरून ३३ ला जायचं तर स्पीड वाढला १० टक्के पण हवेपुरती ताकद जवळजवळ एक तृतीयांश जास्त लागते. तेवढी ताकद सहा आठवड्यांत कुणाचीच वाढत नाही. पण छाती खाली घेतली, कोपरं वाकवून आत आणली, डोकं खांद्यांच्या मध्ये खाली ठेवलं तर तेवढ्याच ताकदीत स्पीड वाढतो, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

अडचण एवढीच की वाकून ४० मिनिटं जोर लावणं ही वेगळी सवय आहे. मान दुखते, कंबर धरते, मांडी पोटाला लागते, श्वास अडतो. म्हणून इंटर्व्हल करताना त्याच पोझिशनमध्ये करा, ड्रॉप्स (हँडलचा खाली वळलेला भाग) धरून किंवा हूड्सवर (ब्रेक लिव्हरच्या वरच्या भागावर) कोपरं नव्वद अंशात वाकवून. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं जमेल, पुढे वाढेल. जी पोझिशन पूर्ण वेळ टिकते तीच तुमची पोझिशन, फोटोत भारी दिसणारी पण दहा मिनिटांत सोडावी लागणारी काही कामाची नाही. आणि नजर रस्त्यावर, डोकं खाली घालून फक्त पुढचं चाक बघत चालवणारे लोक उभ्या टेम्पोवर जाऊन आदळलेत.

क्लिप-ऑन एरो बारबद्दल, म्हणजे पुढे झुकून कोपरं टेकवायला हँडलला लावतात त्या दांड्यांबद्दल, माझं मत स्पष्ट आहे. रेसच्या निदान महिनाभर आधी लावून त्यावर नियमित चालवलं असेल तर लावा, नाहीतर नको. त्या बारवर हात असताना ब्रेक हाताशी नसतात, सायकल वळवायला अवघड जाते, आणि आपल्या रस्त्यावर खड्डा, कुत्रा, उलट्या बाजूने येणारी बाईक यातलं काहीही कधीही येतं. बाकी त्यांचा फायदा खरा आहे यात वाद नाही. १९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस टीटीचा होता, व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटर. ग्रेग लेमाँड एकूण वेळेत पहिल्या असलेल्या लोराँ फिन्याँच्या ५० सेकंदांनी मागे होता, एरो बार आणि एरो हेल्मेट घालून उतरला, आणि फिन्याँ उघड्या डोक्याने, पोनीटेल सोडून. लेमाँडने त्या दिवशी त्याला ५८ सेकंदांनी मागे टाकलं आणि तीन आठवड्यांची अख्खी रेस ८ सेकंदांनी जिंकली. त्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट अजून एक आहे, वाटेत मला वेळ सांगत बसू नका असं त्याने टीमला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याकडे पुढे येतो.

आदल्या आठवड्यात चेन धुवून ल्यूब करा, टायरवर बोट फिरवून काचा-चिरा बघा, चाक ब्रेकला घासत नाही ना ते फिरवून बघा. हवा अगदी दगडासारखी भरू नका, खडबडीत डांबरावर फार कडक टायर उड्या मारतो आणि स्पीड उलट कमी होतो. अंगात बसणारी जर्सी घाला, जर्सीची चेन पूर्ण वर, खिसे रिकामे. फडफडणारं विंडचीटर घालून टीटी मारणं म्हणजे पाठीला छत्री लावून पळणं. सीटखालची सॅडल बॅग काढायची का हे ऑर्गनायझरच्या गाडीची सोय आहे का त्यावर ठरवा. टेल लाईट मात्र ठेवा, पहाटे उजाडायच्या आत रस्त्यावर असाल.

रस्ता बघून या

जमलं तर रेसच्या एक-दोन आठवडे आधी त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला जाऊन या. गाडीतून नाही, सायकलवरून. स्पीड ब्रेकर कुठे आहेत, पुलाच्या जॉइंटला फट किती आहे, रंबलर पट्ट्या कुठे आहेत, कुठल्या गावाच्या फाट्यावर सकाळी दुधाच्या गाड्या आडव्या येतात, हे सगळं डोक्यात बसलं पाहिजे. आपल्याकडे टीटीसाठी रस्ता क्वचितच पूर्ण बंद असतो, मार्शल असतात पण ट्रॅफिक चालूच असतं. आणि यू टर्नची जागा नक्की बघा. रस्ता किती रुंद आहे, वाळू साचते का, एका झटक्यात वळता येतं की जवळजवळ थांबावं लागतं.

वाऱ्याचा अंदाजही तिथेच येतो. समजा जाताना वारा समोरून आहे, तुम्ही २५ ने गेलात आणि येताना ३५ ने आलात. ॲव्हरेज ३० वाटतं, पण हिशोब करा. जाताना २४ मिनिटं, येताना १७ मिनिटं ९ सेकंद, एकूण ४१:०९. तेच अंतर सलग ३० ने गेलं तर ४० मिनिटं. म्हणजे समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ जातो, आणि जिथे जास्त वेळ जातो तिथे थोडा जास्त जोर लावला तर फायदा जास्त मिळतो. म्हणून समोरचा वारा आणि चढ यांत ठरवलेल्या जोरापेक्षा किंचित जास्त, आणि मागचा वारा आणि उतार यांत किंचित कमी. किंचित म्हणजे पाच-सात टक्के, चढ आला म्हणून उभं राहून झोडपायचं नाही.

आदला दिवस आणि सकाळ

आदल्या दिवशी अर्धा-पाऊण तास हलकी राईड, मध्ये एकेक मिनिटाचे तीन-चार जोरदार तुकडे, बस. पाय जागे राहतात. रात्रीचं जेवण लवकर आणि रोजचंच, वरण-भात, पोळी-भाजी, जे पोटाला माहीत आहे ते. रेसच्या आदल्या रात्री हॉटेलात नवीन काही खाऊन बघू नका.

रेस सहा-साडेसहाला असते, त्यामुळे तीन तास आधी भरपेट नाश्ता वगैरे पुस्तकी सल्ला इथे जमत नाही. उठल्यावर केळं, ब्रेड-जॅम किंवा दोन-चार खजूर, थोडं पाणी, सवय असेल तर चहा-कॉफी सुटण्याच्या साधारण तासभर आधी. ४० मिनिटांच्या मेहनतीला शरीरात साठा पुरेसा असतो, पोट जड असण्यापेक्षा थोडं रिकामं बरं. मुंबई-कोकणाकडे दमट हवा असते तिथे आदल्या संध्याकाळपासून पाणी आणि थोडं मीठ-साखर-लिंबू घ्या, आणि सायकलला एक बाटली ठेवाच. नाशिक-पुण्याच्या थंडीत बाटली नसली तरी २० किलोमीटर जातात.

बिब नंबर पाठीवर खाली, चारही कोपऱ्यांना सेफ्टी पिन, आणि लावताना कुणाला तरी मदतीला घेऊन पुढे वाकून उभं राहा म्हणजे सायकलवर बसल्यावर तो पसरून बसतो. स्वतःची सुटायची वेळ पाठ करा. पहिला ६:३० ला सुटणार आणि दर मिनिटाला एक, तर १३ नंबरची वेळ ६:४२. तुम्ही लाईनवर नसलात तरी तुमचं घड्याळ ६:४२ लाच चालू होतं, टॉयलेटच्या रांगेत उभं राहून मिनिट घालवणारे दर रेसला दिसतात.

वॉर्म-अप २०-२५ मिनिटं. दहा मिनिटं हलकं, मग एकेक मिनिटाचे तीन थोडे जोरात, मग पाच मिनिटं रेसच्या जोराने, मग हलकं फिरत राहायचं आणि सुटायच्या पाच-सात मिनिटं आधी लाईनजवळ. रेस जितकी छोटी तितका वॉर्म-अप महत्त्वाचा, कारण गरम व्हायला रेसमध्ये वेळच नसतो.

सुटल्यावर

लाईनवर एक जण सीट धरून उभा असेल आणि तुम्ही दोन्ही पाय पॅडलमध्ये अडकवून बसायचं. याची सवय नसेल तर मित्राला घेऊन घरासमोर चार वेळा करून बघा, किंवा सरळ एक पाय जमिनीवर ठेवून सुटा, दोन सेकंदांनी काही बिघडत नाही. गिअर मध्यम ठेवा, सगळ्यात जडवर सुटायला जाऊ नका. सुटल्यावर दहा-बारा पॅडल उभं राहून, मग बसायचं, पोझिशन घ्यायची आणि हात आखडता घ्यायचा.

पहिले तीन किलोमीटर मनात एकच वाक्य, हे जरा सोपं वाटलं पाहिजे. हार्ट रेटच्या मागे लागू नका, तो पहिली चार-पाच मिनिटं मागेच असतो, तुमचा नेहमीचा आकडा अजून आला नाही म्हणून जोर वाढवलात तर तो येईल तेव्हा थांबणार नाही. तुमच्यानंतर एका मिनिटाने सुटलेला माणूस पाचव्या मिनिटाला तुम्हाला ओलांडून जाईल, जाऊ दे. तो तुमच्यापेक्षा फास्ट असेल किंवा दहाव्या किलोमीटरला परत भेटेल.

ओलांडताना आणि ओलांडून घेताना नियम पाळा. ड्राफ्टिंग, म्हणजे दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवणं, पूर्ण बंद असतं. यूसीआय या सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात ओलांडणाऱ्याने बाजूने किमान २ मीटर अंतर ठेवायचं आणि ज्याला ओलांडलं त्याने नंतर २५ मीटर मागे राहायचं असं आहे. लोकल रेसमध्ये आकडा वेगळा असू शकतो, ब्रीफिंग ऐका. हा प्रकार सुरूच मुळात असा झाला, इंग्लंडात १८९५ साली एफ. टी. बिडलेक यांनी घोळक्याने रेस केली की पोलिसांचा ताप होतो म्हणून एकेकाला अंतराने सोडायला सुरुवात केली. तेव्हापासून एकट्याने चालवणं हाच या खेळाचा पाया आहे, मागे चिकटून मिळवलेली वेळ तुमची नसते.

सायकल कॉम्प्युटरवर ॲव्हरेज स्पीडची स्क्रीन लपवून टाका. लेमाँडचं हेच. समोरचा वारा असला की ॲव्हरेज खाली दिसतो, माणूस घाबरतो आणि जास्त झोकून देतो. अंतर, आत्ताची पॉवर किंवा हार्ट रेट, आणि केडन्स (मिनिटाला पॅडलच्या किती फेऱ्या), एवढंच दिसू द्या. केडन्स ८५ ते ९५ मध्ये बहुतेकांना बरा जातो, पण तुमचा नेहमीचा ८० असेल तर रेसच्या दिवशी बदलू नका.

यू टर्नच्या १०० मीटर आधी मागे बघा, गिअर हलका करा, ब्रेक वळायच्या आधी मारा, वळताना आतला पाय वर, बाहेरच्या पॅडलवर वजन. रुंद बाजूने आत शिरायचं आणि रुंद बाहेर पडायचं. मार्शल तुमचा नंबर टिपत असेल तर मोठ्याने ओरडून सांगा, नंबर नोंदला गेला नाही तर सगळी मेहनत डीएनएफ, म्हणजे रेस पूर्ण केली नाही, म्हणून लागते. मग आठ-दहा पॅडल उभं राहून स्पीड परत मिळवा आणि लगेच खाली बसा.

खरी रेस आता सुरू होते, ११ ते १६ किलोमीटर. शेवट दिसत नाही आणि सुरुवातीचा जोश संपलेला असतो. लक्ष भरकटतं, घरचं, ऑफिसचं काहीबाही आठवतं आणि स्पीड उतरतो. इथे किलोमीटर किलोमीटर करून चालवा. प्रत्येक किलोमीटरला स्वतःच्या तपासणीची एक फेरी, खांदे सैल आहेत का, जबडा आवळलाय का, कोपरं आत आहेत का, श्वास पूर्ण बाहेर सोडतोय का. सुरुवातीला हात आखडून चालवलं असेल तर इथेच लोक मागे पडताना दिसायला लागतात आणि तुम्ही त्याच जोराने जात असता, ही या खेळातली मला सगळ्यात आवडणारी जागा आहे.

शेवटचे तीन किलोमीटर थोडं थोडं वाढवत जा. शेवटच्या एकात काही राखून ठेवायचं नाही, पोझिशन मात्र सोडू नका, थकल्यावर डोकं वर येतं आणि हवा लागते. फिनिश लाईनच्या पुढे ५० मीटर बघत चालवा आणि लाईन ओलांडल्यावर लगेच ब्रेक मारून रस्त्यात थांबू नका, मागून माणसं येत असतात.

नंतर

दहा-पंधरा मिनिटं हलकं फिरवा. घसा खवखवेल, खोकला येईल, थंड कोरड्या हवेत जोरात श्वास घेतल्याने तो बहुतेकांना होतो आणि काही तासांत जातो. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल तर मात्र लगेच ॲम्ब्युलन्सवाल्यांना सांगा. मग पोहे-उपमा जे असेल ते खा.

घरी आल्यावर सायकल कॉम्प्युटरमधली राईडची फाईल उघडून जाताना आणि येताना असे दोन भाग वेगळे करा आणि वेळेऐवजी पॉवर किंवा हार्ट रेट बघा, वेळ वाऱ्याने फसवते. दुसऱ्या भागातली पॉवर पहिल्याइतकी किंवा जरा जास्त असेल तर पेसिंग बरोबर झालं, पुढच्या वेळी टार्गेट दोन-तीन टक्क्यांनी वाढवा. दुसऱ्या भागात १० टक्के पडली असेल तर टार्गेट तेच ठेवा आणि पहिले तीन किलोमीटर अजून आवरा. वारा, तापमान, टायरमधली हवा, काय खाल्लं, कुठे मान दुखली, हे त्याच दिवशी लिहून ठेवा, आठवड्याने आठवत नाही. आणि रिझल्ट लागले की तुमची वेळ तुमच्या कॉम्प्युटरशी जुळवून बघा, मिनिटाचा फरक असेल तर स्टार्ट टाइम चुकीचा धरला गेला असण्याची शक्यता जास्त, ऑर्गनायझरला बिब नंबर आणि राईडची फाईल त्याच दिवशी पाठवा, नंतर रिझल्ट फायनल झाले की बदलून घेणं अवघड जातं.